टीकाकाराचे ऋण

मूळ ग्रंथ लिहिणारा मोठा आणि त्यावर टीका लिहिणारा लहान, असा समज आपल्या मनात दृढ असतो. दुसऱ्याच्या विचाराचा अर्थ लावण्यात आयुष्य वेचणाऱ्याने स्वतःचे असे काय केले, हा प्रश्न भिलाईसारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां माणसांना विशेषच बोचतो. नियम दुसऱ्याने केलेले, प्रकरण दुसऱ्याने मांडलेले. आपला वाटा काय तो शेऱ्यापुरता!

सहाव्या शतकातील अस्कलोनचा युटोशियस असाच एक टीकाकार. गोल व वृत्तचिती यांवरील ग्रंथात आर्किमिडीजने एक सिद्धता पुढे देण्याचे वचन दिले होते. पण ती कोणत्याच प्रतीत नव्हती. पूर्वी दोघा गणितज्ञांनी हार मानून आपापल्या रीती योजल्या होत्या. युटोशियसला ती अखेर एका जुन्या, चुकांनी भरलेल्या पोथीत गवसली. भाषेचे डोरिक वळण व जुन्या संज्ञा यांवरून ती आर्किमिडीजचीच असावी, असा त्याने तर्क केला. ती आपल्या नावावर खपविणे अवघड नव्हते. त्याने मात्र ती कशी मिळाली हे सांगितले, आणि त्या दोघांच्या रीतीही शेजारी नोंदविल्या.

आपला कृष्ण दैवज्ञ याच कुळीचा. घराणे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. वडील बल्लाळ काशीस जाऊन राहिले. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्याने १६०० च्या सुमारास ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. आचार्यांनी ऋणसंख्येचे नियम सांगितले; ते तसेच का, हे कृष्णाने पटवून दिले. काशीच्या पूर्वेस पाटणा, पश्चिमेस प्रयाग. एक दिशा धन मानली की दुसरी ऋण. म्हणून या दोन नगरांतील अंतर काढताना ऋण वजा करणे म्हणजे मिळविणेच होय. ज्या मुलखात तो राहिला, त्याच मुलखाने त्याला दृष्टान्त पुरविला.

एकनिष्ठ राहणे म्हणजे मिंधे होणे नव्हे काय, असे कोणी विचारील. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवरील टीकेत याचे उत्तर देऊन ठेवले आहे : उपपत्तीवाचून गणित निःशंक होत नाही. कारण समजून घेऊन मान्य करणे ही गुलामी नव्हे. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, तिचे आराखडे सोव्हिएत अभियंत्यांचे होते. पण ते उमजून भट्टी चालती ठेवणाऱ्यांस कोणी नकलनवीस म्हणत नाही.

नकलनवीस निराळाच असतो. ‘नियमानुसार नामंजूर’ एवढाच शेरा मारणारा नियमाशी प्रामाणिक दिसतो. पण नियम कशासाठी झाला हे तो पाहत नाही, आणि त्याच्या आळसाची किंमत अर्जदार भरतो. शेरा लहान असेल. तो समजून लिहिला की नाही, याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावयाचा आहे.