सावड

माझ्या आयुष्यातली पहिली बिडी मी वडिलांसाठी पेटवली. ते ओसरीवर दोरखंड वळत बसलेले असायचे. घरात चूल पेटलेली असताना काडी मोडणं म्हणजे उधळपट्टी. "जा रं, चुलीतनं लावून आण," म्हणायचे. मी बिडीचं तोंड निखाऱ्याला टेकवायचो. पण नुसती टेकवून बिडी पेटत नाही, एक झुरका घ्यावाच लागतो. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आई चुलीपुढंच भाकरी थापत असायची. तिनं कधी हात धरला नाही. तिच्या लेखी पोरगं बापाचं काम करत होतं.

वडिलांना दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. पण पुढं साठीच्या उंबऱ्यावर बिडी सोडायला निघालो, तेव्हा गावातले एक माळकरी बुवा म्हणाले, "व्यसन ज्याचं त्यानंच सोडायचं असतं. दुसऱ्याच्या आधारानं सोडलं ते खरं न्हवं." तेव्हा मला तो निखारा आठवला. जे मी एकट्यानं धरलंच नव्हतं, ते एकट्यानंच सोडावं असं का? हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घोळवला. सुचलं तसं सांगतो.

१९७७ साली मी दहावी पास झालो. पुढं शिकायचं तर साताऱ्याला खोली करून राहावं लागणार. मी थोरला, म्हणून नांगराला लागलो. रानात कळलं, की बिडी म्हणजे सुट्टी. "चला, एक बिडी मारू," म्हटलं की औत थांबायचं. न ओढणाऱ्यानं नुसतं बसलं तर तो कामचुकार. बिडी घेऊन बसला तर तो दम खातोय. आणि विस्तवाला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बांधावरनं कोर्टात तारखा चालू असलेले सख्खे भाऊ एसटी स्टँडवर एकमेकाला "काडी हाय का?" विचारताना मी पाहिलेत. बोलणं बंद, विस्तव चालू.

त्यात बिडीची जातच अशी, की ती एकटं सोडत नाही. ठेवली तर विझते. जळती ठेवायची तर सारखं ओढावं लागतं. टेंभुर्णीचं पान विदर्भातनं येतं, सोलापूरकडं बाया हजाराच्या हिशेबानं वळतात, आणि शेवटी ती येऊन पोचते रात्री दोन वाजता ऊस भिजवणाऱ्या माणसाच्या ओठात. शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात गुडघाभर चिखलात दारं धरायची, उसात सळसळ झाली की बॅटरी फिरवायची. त्या वेळी बायको नाही, पोरं नाहीत, देवसुद्धा झोपलेला. सोबतीला बिडी. दिवसाला दीड बंडल कधी झालं ते कळलं नाही.

२००८ साली गांधी जयंतीपासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आली. स्टँडवर पाटी लागली. आम्ही पाटीखाली उभं राहून ओढायचो. २०१८ पासून बंडलावर फोन नंबर छापून यायला लागला : १८००-११-२३५६. फोन फुकट, व्यसन सोडायला सल्ला देतात. तो नंबर मी रोज बघायचो, आणि त्याच्याच शेजारची बिडी काढायचो.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा बंडल कॅनॉलला फेकलं आणि तासाभरानं सायकल काढून दुसरं आणायला गेलो. एकदा आषाढीची वारी केली. लोणंदला दिंडीत शिरलो ते पंढरपूरपर्यंत दहा-बारा दिवस बिडीला हात लावला नाही. वाटलं, सुटली. परत येताना पंढरपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत एकटा बसलो आणि हात आपोआप खिशाकडं गेला. ती वारी फुकट गेली असं मी वीस वर्षं समजत होतो. खरं तर तिनं मला उत्तर दाखवलं होतं. दिंडीत होतो तोवर सुटली होती, एकटा झालो आणि धरली. मला ते वाचता आलं नाही.

२०१८च्या दिवाळीनंतर खोकला थांबेना. जिना चढला की छाती वाजायची. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसाचं जे गेलं ते येणार नाही. राहिलंय ते ठेवायचं का सांगा." आणखी एक सांगितलं ते उपयोगी पडलं. तलफ ही लाट असते, ती कायम राहत नाही, पाच-दहा मिनिटं काढली की उतरते. तेवढी मिनिटं काढायची.

बाहेर बाकावर दाजी बसलेले. ते आमच्या गावच्या लेकीचे मालक. सासऱ्याची जमीन करायला आले आणि इथलेच झाले. म्हणून अख्ख्या गावाचे दाजी. त्यांचं माझं रान बांधाला बांध. त्यांच्याही हातात तसलाच मोठा पिवळा लखोटा. मी विचारलं, "काय म्हणाले?" दाजी म्हणाले, "तुमाला जे म्हणाले तेच म्हणाले आसतील. पाव्हणं, आता काय करायचं?"

आम्ही शपथ घेतली नाही. देवाच्या शपथा दोघांच्याही मोडून झाल्या होत्या. ठरवलं एवढंच, की रोज संध्याकाळी पारावर यायचं आणि आपला आकडा सांगायचा. आज पाच, आज सहा. आणि रात्रपाळीला तलफ आली की बॅटरी तीनदा हलवायची. समोरच्यानं बघितलं की त्यानंही तीनदा हलवायची. बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. आपण जागे आहोत एवढं कळवायचं.

ऐकायला पोरखेळ वाटेल. पण पहिल्या आठवड्यात हात कापायचे, पोरांवर उगाच ओरडायचो, पोट साफ होईना. घरातली म्हणाली, "मी काय सांगू तुमाला? माजी मिशरी सुटंना." तिचं खरं होतं. ज्यांनी कधी ओढली नाही ते "मनावर घ्या, सुटंल" म्हणायचे, आणि मला त्यांना दगड मारावासा वाटायचा. दाजींची बॅटरी तसलं काही म्हणायची नाही. अंधारात तीनदा हलायची, तेवढ्यात चार-पाच मिनिटं जायची, पाणी साऱ्याच्या टोकाला पोचायचं आणि मी दारं मोडायला उठायचो.

आमच्यात तिसरा एक गवंडी आला होता. सोळाव्या दिवशी तो बाजारात ओढताना सापडला. संध्याकाळी पारावर आम्ही त्याची टिंगल केली. "आज किती? दोन बंडलं?" असं मीच म्हणालो. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून पारावर आला नाही. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण किती पक्के, असं वाटलं.

माझा आकडा सेहेचाळीस झाला आणि भावकीतला एकजण वारला. माझ्याच वयाचा, लहानपणचा सोबती. नदीला चिता पेटली, माणसं लांब जाऊन दगडांवर बसली आणि बंडल फिरायला लागलं. माझ्यापाशी आलं. मी घेतली. मनाला सांगितलं, मर्तिकाची बिडी मोजायची नसते. येताना टपरीवर थांबलो आणि अख्खं बंडल घेतलं.

त्याच रात्री दारं धरायला गेलो. बांधावर बसून ओढत होतो. दाजींच्या रानातनं बॅटरी हलली. एक, दोन, तीन. माझ्या उजव्या हातात पेटती बिडी होती. डाव्या हातानं मी बॅटरी उचलली आणि तीनदा हलवली.

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो. आडत्याशी बोललो, सोसायटीत बोललो. पण तोंड न उघडता बोललेलं ते एकच खोटं मला अजून टोचतं. पुढं अकरा दिवस ते चाललं. संध्याकाळी पारावर जायचो आणि आकडा सांगायचो. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. दाजी मान हलवायचे.

मनानं त्याला कारणही शोधलं. म्हटलं, सांगितलं तर दाजींचाही धीर सुटेल. माझ्या खोट्यावर एक माणूस तगत असेल तर खोटं बोलण्यात पाप काय? मोठा थोर विचार वाटत होता. फक्त तो मला दरवेळी बिडी ओढतानाच सुचत होता. घरातलीला कडब्याच्या गंजीत बंडल सापडलं. मी तिला हेच कारण सांगितलं. ती म्हणाली, "दाजींसाठी खोटं बोलता व्हय? मग बंडल कुणासाठी लपीवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेलो. दाजी गवत कापत होते. म्हटलं, "दाजी, माजा आकडा खोटा हाय. अकरा दिस झालं, वढतोय."

त्यांनी विळा थांबवला नाही. म्हणाले, "ठावं हाय."

"कसं?"

"अवो, एका हातात बॅटरी आन् शेजारी लाल ठिपका. मी काय आंधळा हाय?"

"मग बोलला का न्हाई?"

"त्या रातीला माज्याबी खिशात बिडी हुती. पेटवणारच हुतो. म्हटलं, आदी बॅटरी हलवू. हलवली आन् तुमचा ठिपका दिसला. आसा संताप आला, की बिडीचं ध्यानच ऱ्हायलं न्हाई. तुमाला शिव्या देत सगळं वावर भिजीवलं."

"आन् दुसऱ्या रातीला?"

विळा थांबला. "दुसऱ्या रातीला वाटलं, ह्यो गडी वढतोय तरी बॅटरी हलीवतोय. म्हंजी दोर आजून हातात हाय. आपुनबी सोडला तर दोगंबी हिरीत." मग म्हणाले, "पर राग गेला न्हाई. बिडीचा राग न्हाई. आकडा खोटा सांगितला, त्येचा हाय."

त्या संध्याकाळी पारावर दाजी म्हणाले, "सत्तावन." मी म्हणालो, "एक." कुणी हसलं नाही. तेव्हा मला गवंडी आठवला, आणि मी अकरा दिवस खोटं का बोललो तेही कळलं. मला भीती बिडीची नव्हती. त्या हसण्याची होती, आणि ते हसणं मीच पारावर आणलं होतं.

पूर्वी आमच्याकडं सावड होती. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. नांगरट झाली की कुणाच्या बैलानं किती ओढलं ते कुणी मोजायचं नाही. रान ज्याचं, पीक त्याचं. बुवांना माझं उत्तर हे आहे. निश्चय माझाच होता, पण तो एका बैलाचा होता. एका बैलानं नांगर चालत नाही. म्हणून सावडीनं नांगरलेलं रान खोटं म्हणायचं का?

पण सावडीला एक नियम होता. लंगडं जनावर ठणठणीत म्हणून जुंपायचं नाही. "आज माझ्या बैलाच्या खुरात काटा हाय," असं आधी सांगायचं. सांगितलं तर दुसरा गडी चाल कमी करायचा, कधी त्या दिवशीचं औतच सोडायचा. सावड मोडायची नाही. लपवलं तर जू एकीकडं ओढायचं आणि दोन्ही बैलांच्या माना सुजायच्या. माझी चूक बिडी ओढण्यात थोडी होती, लपवण्यात जास्त. आणि गवंड्याच्या बाबतीत आमची चूक त्याच्याहून मोठी. त्याच्या खुरातला काटा उघडा दिसत होता, आणि आम्ही हसलो.

पुढं वाचनात आलं, की १९३५ साली अमेरिकेत दारूपायी बुडालेले दोघेजण असेच एकमेकाला धरून उभे राहिले. एक शेअरबाजारातला, एक डॉक्टर. त्यातनं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभं राहिलं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथंही व्यसनातनं उठलेली माणसं नव्याला हात देतात. वाचून बरं वाटलं. आमची बॅटरी अगदीच पोरखेळ नव्हती.

त्या "एक"नंतर मी पुन्हा मोजायला लागलो आणि तीनशेच्या पुढं मोजायचं सोडलं. तलफ अजून येते. वळवाच्या पहिल्या पावसाचा वास आला की येते, मर्तिकाला गेलो की हमखास येते. पाच-दहा मिनिटं काढतो. छाती अजून वाजते, पण जिना चढतो.

गवंडी अजून ओढतो. आम्ही दिसलो की हात पाठीमागं घेतो. वर्षानुवर्षं तो हात बघून मी मान खाली घालून जात होतो. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन बसलो. बिडीचा विषय काढला नाही. त्याला चितेपासनं अकराव्या दिवसापर्यंतचं सगळं सांगितलं. आत्तापर्यंत ते दाजी आणि घरातली सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी पारावर मी हसलो, ते चुकलं माझं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पोरीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. त्याच्या हातात बिडी होती. ती त्यानं विझवली नाही. पण हातही पाठीमागं नेला नाही.