घर कुणाचं, राखण कुणाची

सातारा १८४८मध्ये आणि नागपूर, झाशी १८५४मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीला स्वतःला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या. आई वारल्यावर थोरली लेडी सुझन वडिलांच्या सोबतीला कलकत्त्यात येऊन राहिली होती. १८६०मध्ये डलहौसी वारला, तेव्हा त्याने मिळवलेली मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि घराण्याचं जुनं अर्लपद चुलतभावाकडे गेलं. मुली पदवीच्या वारस नव्हत्या आणि दत्तक तर विलायतेतल्या सरदारी पदव्यांना मान्यच नव्हता.

थोरल्या मुलाला सगळं द्यायचं, म्हणजे जमिनीचे तुकडे पडत नाहीत आणि घराण्याचा राजकीय दबदबा टिकतो, हे यामागचं गणित. कायदा पुरुषांनी केला हे उघडच आहे. पण घरात तो रोज राबवला कुणी? पुष्कळदा बायकांनीच.

अमेरिकन रेल्वेसम्राटाची मुलगी कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट १८९५मध्ये मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लग्न करून ब्लेनहाइम पॅलेसमध्ये आली, ती सुमारे २५ लाख डॉलरचे शेअर घेऊन. ड्यूकच्या आजीने तिला बजावलं, आधी मुलगा होऊ दे, नाहीतर विन्स्टन ड्यूक व्हायचा. विन्स्टन चर्चिल हाही त्या आजीचा सख्खा नातूच. पण धाकट्या पातीचा. हे लग्न कॉन्सुएलोवर लादलं होतं तिच्या आईने. १९२६मध्ये विवाह धर्मदृष्ट्या रद्द ठरावा म्हणून त्याच आईने आपण जबरदस्ती केल्याची कबुली दिली.

केंटमधल्या नोल वाड्याची गोष्ट याहून विचित्र. व्हिक्टोरिया सॅकव्हिल-वेस्ट ही दुसऱ्या लॉर्ड सॅकव्हिलची पेपिता या स्पॅनिश नर्तकीपासून झालेली मुलगी. तिने चुलतभावाशी लग्न केलं आणि तो तिसरा लॉर्ड झाला. मग तिचा सख्खा भाऊ कोर्टात उभा राहिला: मी औरस आहे, वाडा माझा. १९१०मध्ये तो हरला. नवऱ्याचा वाडा राहावा म्हणून आपली सगळीच भावंडं अनौरस ठरणं व्हिक्टोरियाच्या सोयीचं होतं. एवढं करून वाचवलेला वाडा तिच्या एकुलत्या एक लेकीला, लेखिका व्हिटाला, मिळालाच नाही. १९२८मध्ये वडील गेले आणि नोल काकाकडे गेलं. त्याच वर्षी व्हर्जिनिया वूल्फने व्हिटावरून ‘ऑर्लँडो’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक मध्येच स्त्री होतो, तरी वाडा त्याचाच राहतो.

हे सगळं जुन्या काळातलं म्हणावं, तर प्रिन्सेस डायनाचं माहेर पाहा. तिच्याआधीचा मुलगा जन्मून काही तासांत गेला होता, त्यामुळे १९६१मध्ये ती जन्मली तेव्हा घर वारसाची वाट पाहत होतं. तो, चार्ल्स, १९६४मध्ये आला. पुढे आईवडिलांच्या घटस्फोटात मुलांच्या ताब्याचा वाद झाला, तेव्हा डायनाच्या आजीने, लेडी फर्मॉय यांनी, पोटच्या मुलीविरुद्ध जावयाच्या बाजूने साक्ष दिली. मुलं वडिलांकडे राहिली.

या बायकांना क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांचं त्या घरातलं अस्तित्व कशावर उभं होतं? मुलगी म्हणून घर सोडायचं, सून म्हणून दुसरं सांभाळायचं आणि वैधव्य आलं की मुख्य वाडा नव्या सुनेला देऊन इस्टेटीवरच्या लहान घरात जायचं. मालकी कुठेच नाही. होतं ते फक्त स्थान, तेही नवरा किंवा मुलगा यांच्या नात्याने आलेलं. तेव्हा नियम मोडणाऱ्या लेकीची बाजू घेणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन काढून घेणं.

२०१३च्या कायद्याने राजगादीपुरता हा नियम बदलला. प्रिन्सेस शार्लटचा क्रम आता धाकट्या लुईच्या आधी लागतो. बहुतेक सरदारी पदव्या मात्र आजही बहिणीला ओलांडून भावाकडे जातात. त्या घरांतल्या मायलेकींचं नातं कसं असावं, यावर उपदेश पुष्कळ करता येईल. वारसा बरोबरीने मिळू लागला, तर त्यांना एकमेकींविरुद्ध उभं राहण्याचं निदान एक कारण तरी उरणार नाही.