उंबऱ्यापर्यंतची दुरुस्ती

वाड्यांविषयी बोलायला पुण्यात आता माणसं कमी पडत नाहीत. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी कसब्यातून, शनवारातून गळ्यात कॅमेरे अडकवलेले जथे हिंडताना दिसतात. फेरी संपली की कुठेतरी मिसळ होते आणि मिसळीबरोबर हळहळ. हळहळीचा सूर ठरलेला असतो: वाडे वेळेवर दुरुस्त झाले असते तर माणसं पेठांतून हलली नसती. या हळहळीला अलीकडे परिसंवादांत मानाची जागा मिळू लागली आहे, आणि तिला एक नवं शेपूटही फुटलं आहे. पेठा म्हणजे मुळातच पायी फिरायचं गाव, इथे सगळं हाकेच्या अंतरावर. तेव्हा जुनं घर वाचवा म्हणजे जुनं चालणंही आपोआप वाचेल.

हे ‘आपोआप’ मला पटत नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्याचा आमच्या वाट्याला आलेला भाग आम्ही दुरुस्त केला, मन लावून केला, आणि तरीही तो सोडून कोथरूडला गेलो. दुरुस्ती फसली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

वाडे का पडले ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकाला कौलं फेरायलाही पैसे पुरेनात, भाडेकरूला घर सोडवेना. १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगरला गेली. नवा कायदा २००० मध्ये लागू होऊन वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळेपर्यंत भावाभावांतल्या वाटण्या तिसऱ्या पिढीत पोचल्या होत्या आणि दारात बिल्डर उभा होता. यातलं काही खोटं नाही. पण हा सगळा इतिहास इमारतीचा आहे. इमारत टिकली की माणूस टिकतो, हे त्यात कुठेही सिद्ध होत नाही.

वाडा पाडून सहा मजले चढवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांचा मुद्दा चौरस फुटांचा असतो आणि ते तो लपवत नाहीत. माझा वाद आहे तो वाड्यांवर खरं प्रेम करणाऱ्यांशी, आणि तो थोडा लांबणार आहे.

त्यांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं आधी बोलतो. दुरुस्ती होऊ शकते. आमच्याकडे कधीकाळी कुणीतरी मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा फासला होता. भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट न राहिल्याने ती आतल्या आत मुरत तुळयांच्या टोकांपर्यंत गेली होती. सागवान कुजतं ते नेमकं तिथे, जिथे तुळई भिंतीत शिरते. बाहेरून खांब-तुळया खणखणीत दिसतात आणि आत टोक भुसभुशीत झालेलं असतं. ती टोकं कापून नवं लाकूड सांधलं. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधण्यातच बराच काळ गेला. कडीपाटाच्या फळ्या उतरवून, घासून, वाळवीचं औषध मारून पुन्हा चढवल्या. माजघराच्या मागे नीट बाथरूम झालं. एप्रिलच्या दुपारी त्या माजघरात पंख्याशिवाय बसता येत होतं, आणि येणारा प्रत्येकजण खांबांवरून हात फिरवून जात होता.

जिन्याचा प्रश्न नव्हता. आईची खोली तळमजल्यावर, ओसरीला लागून होती. घरात तिला काही कमी नव्हतं. कमी पडायला सुरुवात झाली ती दिंडीबाहेर.

आमच्या गल्लीचा रस्ता डांबराचे थर चढत चढत आणि शेवटी काँक्रीट होऊन वर आला आहे. वाड्याचं जोतं होतं तिथेच आहे. दिंडीपुढच्या दगडी पायऱ्यांपैकी खालची रस्त्यात अर्धी बुडाली आहे. वरची नेहमीची उंच, खालची जेमतेम चार बोटांची. तरुण पायाला हे कळतही नाही. ऐंशी ओलांडलेल्या पायाला नेमकं हेच कळत नाही, म्हणून तो चुकतो. पुढे दुचाकींची रांग, हँडलला हँडल लागलेली, भिंतीपासून वीतभर अंतरावर. म्हणजे कोपऱ्यापर्यंत जायचं ते रस्त्याच्या मधून, आणि ‘एकेरी वाहतूक’ हा फलक न मानणारा कुणीतरी समोरून येणारच हे धरून. कोपऱ्यावर ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा खाली. मोठ्या रस्त्याला लागलं की फूटपाथ आहे, पण त्यावर चढायला कठड्याला धरावं लागावं एवढा उंच. वर गेल्यावर विजेचा डीपी, एखादी हातगाडी, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब, ज्यांच्यातून दुचाकी जाते आणि काठी टेकणारी बाई अडते. फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. ते मानक आमच्या भागात कुणी पायी घेऊन आलेलं दिसत नाही.

लग्न होऊन आल्यापासून आई मंडईत पायी जायची. तुळशीबागेतून वळसा, येताना पिशवी भरलेली आणि दोन ओळखीच्या बायकांच्या घरची बातमी. लक्ष्मी रस्त्यावरच्या नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायचं. ते वाचनालय १८४८ सालचं, आणि तिला त्याचा स्वतःच्या माहेराइतका अभिमान. आधी मंडई सुटली. मग वाचनालय, कारण लक्ष्मी रस्ता ओलांडायचा धीर होईना. मग गल्लीतल्याच विठोबाला संध्याकाळी कुणीतरी हात धरून न्यायला लागलं. शेवटी ती ओसरीवर बसून राहायला लागली, चुन्याच्या गार भिंतीला पाठ टेकून, आणि मंडई तेव्हाही पायी दहा-बारा मिनिटांवरच होती.

आता वारसाप्रेमी मंडळींची उत्तरं. मी ती अनेकांकडून ऐकली आहेत.

पहिलं उत्तर: हा दोष फूटपाथचा, वाड्याचा नाही. कबूल. पण मग ‘घर वाचवा, माणसं राहतील’ हे वाक्य मागे घ्या. ज्या वाक्याला पुढे ‘फूटपाथ नीट असेल तर’ असं शेपूट जोडावं लागतं, त्यात सगळा भार त्या शेपटावरच असतो.

दुसरं: वय झालं की कुठेही हाल होतातच. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण खोटं आहे. तेच गुडघे कोथरूडला रोज लिफ्टने खाली उतरतात. गुडघे बदललेले नाहीत.

तिसरं उत्तर जरा चलाख आहे आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. ते असं: दुरुस्ती करून जागरूक लोक पेठेत टिकले, तर तेच महापालिकेवर दबाव आणतील आणि रस्ते सुधारतील. म्हणजे वाडा आधी, रस्ता मागून. अनुभव उलटा आहे. दुरुस्त झालेल्या वाड्याला भाव येतो. तिथे कुणाचं ऑफिस येतं, कुठे कॅफे निघतो, कुठे मालक वरच्या मजल्यावर राहून खाली पाहुण्यांची सोय करतात. यातलं कुणीच वाईट नाही, पण यातलं कुणीच पायी येत नाही. रविवारची फेरी दिंडीवरच्या गणेशपट्टीचे फोटो काढते, गल्ली अर्धा तास अडवते आणि निघून जाते. त्या अर्धबुडत्या पायरीवर पाय अडखळला तर ‘जुन्या पुण्याची मजा’ म्हणून हसतेसुद्धा. ज्याला घराबाहेर पडता येत नाही तो दबाव कसा आणणार, याचं उत्तर या मंडळींनी मला अजून दिलेलं नाही. महापालिकेच्या बाजूने म्हणायचं तर २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ करून लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवायची प्रथा पडली आहे. त्या दिवशी रस्त्यावर रांगोळ्या असतात. बारा तारखेला रस्ता पुन्हा पूर्वीसारखा.

कुणी म्हणेल, पेठा तर गजबजलेल्या आहेत. आहेतच. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या यांनी सदाशिव आणि नारायण पेठ भरून वाहते आहे. ही पोरं दिवसभर पायीच असतात; पहाटे अभ्यासिकेला, दुपारी मेसला, रात्री चहाला. पेठ चालत नाही असं म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे बघावं. पण तेविशीतला मुलगा हा चालण्याच्या सोयीचा पुरावा नव्हे. तो गच्चीवरूनही चालेल. पेठ ओस पडलेली नाही, ती एका वयाची झाली आहे. दुसऱ्या टोकाचे लोक गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाला, जेव्हा लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही, तेव्हा लेकीकडे, भाच्याकडे पाठवले जातात. काही तिकडून परत येत नाहीत.

पायी फिरायच्या शहराचा विषय निघाला की जेन जेकब्जचं नाव येतंच. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या ५५५ हडसन स्ट्रीट या, खाली दुकान असलेल्या मोडकळलेल्या घरात ती आणि तिचा नवरा १९४७ मध्ये राहायला आले. दोघांनी ते दुरुस्त केलं. समोरच्या फूटपाथवरची रोजची ये-जा बघत तिने अमेरिकी शहरांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. ते आलं १९६१ मध्ये, आमचं पानशेत फुटलं त्याच वर्षी. हे सगळे सांगतात. ती १९६८ मध्ये ते घर आणि ती गल्ली सोडून टोरोंटोला गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मुलांना व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीत जावं लागू नये, हे कारण. घर उत्तम होतं, गल्ली तर जगाला उदाहरण म्हणून दाखवलेली. तरी गेली, कारण घरातल्या माणसांना तिथे राहून जे करता यायला हवं होतं ते करता येत नव्हतं. टोरोंटोतही तिने चालायचीच वस्ती निवडली आणि तिथल्या शहर चिरत जाणाऱ्या स्पॅडायना महामार्गाविरुद्ध उभी राहिली. १९७१ मध्ये तो रद्द झाला. हडसन स्ट्रीटच्या दुरुस्तीवर ती अडून बसली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा माझं म्हणणं एका भेदावर येऊन थांबतं. एक असतं जवळ असणं, दुसरं असतं पोचता येणं. जवळ असणं नकाशावर मोजता येतं आणि ते कुणाचंही सारखंच असतं. मंडई माझ्यापासून जेवढी, तेवढीच आईपासून. पोचता येणं माणसागणिक वेगळं, आणि त्याच माणसाचं पावसाळ्यात वेगळं, संध्याकाळी वेगळं. पेठांची स्तुती करणारे पहिल्याचे आकडे देतात आणि दुसरं त्यात येतंच असं धरतात. वाड्याची दुरुस्ती या दोन्हींपैकी कशालाच हात लावत नाही. ती उंबऱ्याशी संपते.

यावरून मी कोथरूडची वकिली करतो आहे असं कुणी समजू नये. इथे लिफ्ट आहे, रॅम्प आहे, पार्किंगभोवती गुळगुळीत फरशी आहे, आणि आई सकाळ-संध्याकाळ तिथे फेऱ्या मारते. फिजिओथेरपिस्ट खूश आहे. पेठेतल्या शेवटच्या वर्षांपेक्षा ती इथे नक्कीच जास्त चालते. पण कुठे? गेटबाहेर रुंद रस्ता, भाजी फोनवर, पुस्तकं मी आणून देतो. “पाय मोकळे झाले ग, पण जायचं कुठे?” असं ती सुनेला म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. इथे पोचता येतं, पण पोचावं असं काही जवळ नाही. फेऱ्या मारणं हा व्यायाम आहे. मंडईला जाणं हे काम होतं, आणि त्यात ओळखीची दहा माणसं वाटेत भेटणं धरलेलं होतं.

यातली कुठली उणीव भरून निघणं सोपं आहे? कोथरूडच्या त्या रस्त्यावर तुळशीबाग उभी करायला कुणाच्या बापाला जमणार नाही. तिथे अडीचशे वर्षं लागली. पेठेत मात्र जे हवं ते सगळं आहे, फक्त तिथवर जाण्याची वाट नाही. आणि ती वाट म्हणजे काही मोठी योजना नव्हे: गल्लीच्या एका बाजूचं पार्किंग बंद, जोत्याला जुळणारा रस्ता, मानकाएवढा उंच आणि मानकाएवढा मोकळा फूटपाथ, लक्ष्मी रस्त्यावर म्हाताऱ्या पावलाला पुरेल इतका वेळ थांबणारा सिग्नल. तुळयांच्या टोकांपेक्षा हे काम सोपं आहे, त्याला चुन्यातला गवंडीही लागत नाही. अवघड आहे ते दुसरंच. दुकानदार विरोध करतील, गिऱ्हाइकं विरोध करतील, अभ्यासिकावाले करतील, आणि ज्यांनी हौसेने कडीपाट घासून घेतला आहे तेही करतील, कारण दुरुस्त केलेल्या वाड्यालाही दोन गाड्या असतात आणि त्या लावायला वाड्यात जागा नसते.