चूल, सुई आणि कर्मयोग

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलखात मिडल स्कूलमधील मुलग्यांना शिवण व स्वयंपाक शिकवावा काय, हा प्रश्न वरकरणी दफ्तरी वाटला, तरी मुळात तो धर्माचा आहे. कारण केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणारा पापच भक्षितो, असे गीतेचा तिसरा अध्याय बजावतो, आणि संत नामदेव तर शिंपीच होते. हा मुलूख नागपूरच्या अमलाखाली असताना, त्याच प्रांतातील वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये, गांधीजींनी हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. मात्र त्या योजनेसाठी नेमलेल्या झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमाने गृहशास्त्र मुलींकडेच सोपविले, हे मला खटकते. परार्थ शिजविणे हा यज्ञ असेल, तर इथल्या संत्र्याच्या बागाइतदाराच्या मुलास त्यातून माफी कोणत्या शास्त्राधारे द्यावी?