मुक्या जिवाची अमानत

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. अशा टंचाईत घरच्या मांजराची, पिंजऱ्यातील लव्हबर्डची वाटी कोरडीच राहू शकते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्यास खाऊ-पिऊ घातले नाही, भक्ष्य शोधण्यास मोकळेही सोडले नाही, ते मेले आणि ती नरकाग्नीस पात्र ठरली (बुखारी, मुस्लिम). तहानलेल्या कुत्र्यास पाणी पाजणाऱ्यास मात्र अल्लाहने क्षमा केली.

पिंजऱ्याचे दार आपण लावतो, त्याच क्षणी त्या जिवाची भूक-तहान आपली जबाबदारी बनते. म्हणून पिंजरा सावलीत ठेवा, पाणी रोज बदला. काम मुलांवर सोपवले तरी स्वतः पाहा. त्या वाटीचाही हिशेब अल्लाहपुढे द्यावयाचा आहे.