कमळाच्या शंभर पाकळ्या

कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक रचून सुई खुपसली, तर सगळ्या एकदमच विंधल्या गेल्यासारखं वाटतं. सुई मात्र एकेक पाकळी पार करत गेलेली असते. नैयायिकांचा हा जुना दृष्टांत. मनाला एका वेळी एकच ज्ञान होतं, फक्त त्यांचा क्रम इतका झपाट्याचा असतो की तो जाणवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हा क्रम मोजता येतो, हे एकोणिसाव्या शतकात उमगलं. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतला संदेश सेकंदाला तीसेक मीटर धावतो, असं दाखवलं. 1868 मध्ये डच वैद्य डोंडर्सने निवड करून दिलेल्या प्रतिसादाच्या वेळातून साध्या प्रतिसादाचा वेळ वजा केला. उरला तो निवडीचा वेळ.

सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावरून जाताना ते तीस मीटर मला अस्वस्थ करतात. मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. बेडकाच्या मज्जातंतूतला संदेश मागे पडावा असा हा वेग. 2011 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांचे मेंदूआलेख घेतले. ब्रेक दाबण्याचा इरादा पेडलवरून कळण्याच्या 130 मिलिसेकंद आधी त्या आलेखांत ओळखता आला. ताशी 100 च्या वेगाला तेवढ्यात साडेतीन मीटरहून अधिक रस्ता सरतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना रात्रभर जागवून चित्रं ओळखायला दिली. उत्तर रेंगाळायचं, त्याच्या ऐन आधी एकेका पेशीचा प्रतिसाद क्षीण झालेला, उशिरा आलेला दिसला. माणूस जागा, डोळे उघडे, आणि चित्र ओळखणारी पेशीच मागे पडलेली.

1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावरच, सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपुराहून निघालेली खासगी बस पेटली, 25 जणांचा जीव गेला. त्याचं कारण तपासाने ठरवायचं. पण रात्रीच्या कुठल्याही अपघातानंतर ‘डुलकी लागली’ म्हणून चालकाच्या स्वभावावर बोट ठेवायची आपली घाई मला अन्यायाची वाटते. ज्याची पेशीच मागे पडली, त्याला ते कळणार कसं? ‘झोप आली तर थांबा’ हा सल्ला त्याच्याकडून नेमकी तीच जाणीव मागतो, जी तेव्हा त्याच्याजवळ उरलेली नसते. कुठे थांबायचं, दुसऱ्या चालकाने कधी बसायचं, हे नागपुराहून बस सुटण्याआधी, पुरेशी झोप झालेल्या माणसाने ठरवून ठेवायला हवं.