उभ्या इंजिनाची राखण

फलाटावर पोचायला उशीर झालेला माणूस ‘गाडी निघाली’ म्हणत नाही, ‘गाडी सुटली’ म्हणतो. दाव्याचं गुरू सुटतं, गाठ सुटते, तशी गाडी सुटते. उभी गाडी कोणीतरी धरून ठेवलेली असते, हे या शब्दात गृहीत आहे. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात राहून मी हा शब्द हजारदा वापरला. रुळांवर चालकाविना धावत सुटलेल्या इंजिनांविषयी वाचायला लागलो, तेव्हा कुठे त्याचा अर्थ लागला.

वाडी जंक्शन मराठी प्रवाशाला नवं नाही. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी दुपारी चेन्नईहून मुंबईला जाणारी मेल तिथे आली. पुढे सोलापूरकडे तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून विजेचं इंजिन काढून डिझेल इंजिन जोडलं गेलं. गाडी मुंबईकडे गेली. मागे राहिलेलं विजेचं इंजिन, चालक खाली उतरलेला असताना, आपणहून चालू लागलं. पुढच्या स्थानकांना कळवून समोरच्या गाड्या थांबवल्या, मार्ग मोकळा केला आणि एक रेल्वे कर्मचारी मोटारसायकलवरून त्याच्या मागे लागला. सुमारे १३ किलोमीटरवर, नालवारजवळ, वेग मंदावल्यावर त्याने आत चढून ते थांबवलं. कोणाला खरचटलंही नाही. वर्तमानपत्रांनी ही बातमी सिनेमातल्या पाठलागासारखी छापली. मला मात्र पाठलागाच्या आधीची दोन-चार मिनिटं महत्त्वाची वाटतात. इंजिन उभं होतं आणि ते उभंच राहील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, ती मिनिटं.

अशी इंजिनं घाटातच सुटतात, ही समजूत खरी नाही. घाटात धोका डोळ्यांना दिसतो. कर्जत-खंडाळ्याच्या चढणीवर म्हणूनच निसटलेली गाडी आत घेणारे वेगळे रूळ बांधलेले आहेत. आमची वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही वाट पाहा. पूर्वेला डोंगर दिसतात, पश्चिमेला खाडी आणि समुद्र, आणि रूळ सपाट. निदान पाहणाऱ्याला तसे वाटतात. रेल्वेचे नियम डोळ्यांवर विसंबत नाहीत. स्थानकाच्या यार्डात ४०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त उतार नको, आणि शक्य तिथे १,२०० मीटरला १ मीटरच असावा, असं ते सांगतात. अंगणात सांडलेलं पाणी कुठे वाहील हे सांगता येऊ नये, इतका हा उतार कमी. तरीही तो मोजावा लागतो, कारण पोलादी रुळावर पोलादी चाक फार थोड्या बळाने फिरतं. रबरी टायरला रस्ता अडवतो. रूळ चाकाला तसा अडवत नाही. शंभर टनांहून जड डिझेल इंजिनालाही नाही.

बंद केलेलं डिझेल इंजिन चालू इंजिनापेक्षा अधिक निरुपद्रवी, असं आपल्याला वाटतं. खरी गोम इथेच आहे. त्याचा ब्रेक हवेच्या दाबावर लागतो आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन बंद झालं की दाब टिकवणारं कोणी उरत नाही. सांध्यांमधून हवा झिरपत राहते आणि काही तासांत चाकावरची पकड सैल होते. मग उरतो हातब्रेक, तोही मोजक्याच चाकांवर, आणि चाकाखालची लाकडी पाचर. हजारो अश्वशक्तीचं यंत्र शेवटी एका लाकडाच्या तुकड्याच्या भरवशावर उभं असतं.

कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने याची किंमत मोजली. ६ जुलै २०१३ च्या रात्री ७२ टाक्यांमध्ये कच्चं तेल भरलेली मालगाडी गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर उभी होती. गाडीवर चालक एकटाच, आणि तो हातब्रेक लावून झोपायला गेलेला. पुढच्या डिझेल इंजिनाला आग लागली. अग्निशामक जवानांनी ती विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. हवा झिरपली, लावलेले सात हातब्रेक पुरे पडले नाहीत, गाडी घरंगळत गावात शिरली आणि ४७ माणसं गेली. चौकशीत एकूण १८ कारणं नोंदवली गेली. आधीची कामचलाऊ दुरुस्ती त्यांत होती, कंपनीची ढिली शिस्त होती आणि सरकारी देखरेखीतली ढिलाईही होती. खटला मात्र उभा राहिला तो तीन कर्मचाऱ्यांवर. २०१८ च्या जानेवारीत ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडलं.

बोईसरकराला हे परकं वाटू नये. इथून जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देत आलं आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या, फुकुशिमातल्याप्रमाणेच. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच फुकुशिमातल्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, अगदी ठरल्याप्रमाणे. पण बंद भट्टीतलं इंधन तापतच राहतं. पहिल्या क्षणांत पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता तरी उरते. ती काढून घेणाऱ्या पंपांना वीज हवी होती, आणि वीज देणारी डिझेल जनित्रं त्सुनामीच्या पाण्यात बुडाली. भट्टी बंद होती आणि तरीही हाताबाहेर गेली. तारापूरची भीती घालायला मी हे लिहीत नाही. औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या टाक्यांपाशी रात्रपाळी करणाऱ्याला हीच गोष्ट वेगळ्या भाषेत ठाऊक असते: ढवळणी थांबली म्हणजे आतली प्रक्रिया थांबली असं नाही. रेल्वे, अणुकेंद्र आणि रसायनाचे कारखाने, तिन्ही एकाच तालुक्यात असलेल्या गावाने तरी ‘बंद आहे’ या शब्दांवर निर्धास्त होऊ नये.

२८ मे २०२४ ला पालघर स्थानकात पोलादाच्या गुंडाळ्या नेणारी मालगाडी घसरली. तो प्रकार निराळा होता, निसटलेल्या गाडीचा नव्हता. पण रूळ अडले की या पट्ट्याचं काय होतं, ते त्या दिवशी समजलं. डहाणू-विरार लोकल हीच इथल्या हजारो घरांची रोजीरोटी. याच रुळांवर चालकाविना इंजिन आलं तर काय, हे मनात आणवत नाही.

त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला जम्मूतल्या कठुआहून खडी भरलेली ५३ डब्यांची मालगाडी दोन्ही चालकांविना निघाली. सत्तर किलोमीटरहून अधिक धावून ती पंजाबात ऊंची बस्सीला लाकडी ठोकळ्यांनी अडवली गेली. कर्मचारी निलंबित झाले. चूक झाली असेल तर जाब विचारायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडीच्या कडेने खडीवरून चालत, वाकून वाकून हातब्रेक फिरवत जाणं म्हणजे काय, हे कार्यालयात बसून कळत नाही. पावसाळ्याच्या रात्री तर नाहीच. गाडी वेळेत पुढे काढल्याची नोंद होते. गाडी नीट बांधून ठेवल्याचं कौतुक मात्र कोणी करत नाही, कारण त्यातून काहीच घडत नाही.

लाक-मेगांतिकनंतर तीन आठवड्यांच्या आत कॅनडा सरकारने आदेश काढला: घातक माल नेणाऱ्या गाडीवर किमान दोन माणसं हवीत आणि अशी गाडी मुख्य मार्गावर राखणीविना उभी ठेवायची नाही. आपल्याकडे अशा घटनेनंतर पाचर कोणी लावली नाही, हे पहिल्याच दिवशी समजतं. ती लावायला त्या माणसाला किती मिनिटं मिळाली होती, सोबत कोणी होतं का आणि त्याच्या पाळीचा तो कितवा तास होता, हेही त्याच अहवालात, त्याच पानावर लिहिलेलं मला वाचायचं आहे.